विंचू चावतो अंगठ्याला, थंड पडतात हात

मागच्या दोन भागांत आपण रक्ताबद्दल बोललो. आज नसांबद्दल बोलू या. पण त्याआधी एक प्रश्न. मेहकरच्या आसपासच्या गावांत आम्ही गटांच्या बैठकांना जातो, तेव्हा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत हा प्रश्न हमखास निघतो. सुडी उचलताना, गोवऱ्या काढताना, नाहीतर पहाटे अंधारात चपलेत पाय घालताना विंचू चावतो. चावतो पायाच्या अंगठ्याला. मग घाम कपाळावर का फुटतो? उलटी का होते? हात-पाय बर्फासारखे थंड का पडतात? आणि रात्र उलटायच्या आत छातीत घरघर का सुरू होते?

आपल्या आज्या म्हणायच्या, विष चढलं. शब्द काही खोटा नाही. पण विष चढतं म्हणजे जातं कुठे आणि करतं काय, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर त्या काळी डॉक्टरांनाही ते नीट माहीत नव्हतं. याचं अर्धं उत्तर सापडलं युरोपात, बेडकाच्या काळजावर केलेल्या एका प्रयोगातून. उरलेलं अर्धं सापडलं आपल्या महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खाटेवर. आणि ते शोधणारा डॉक्टर आपल्या शेजारचा, जालना जिल्ह्यातला. आज ही गोष्ट.

नस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मनगटावरची हिरवी-निळी रेघ येते. ती रक्ताची शीर. आज ज्या नसेबद्दल बोलायचं आहे ती पांढुरकी, दोऱ्यासारखी असते. पुस्तकात तिला मज्जातंतू म्हणतात. तिच्यातून रक्त वाहत नाही, निरोप वाहतात. तव्याला बोट लागलं की हात मागे येतो, तो या निरोपामुळे. काळीज किती जोरात चालायचं, आतडं कधी हलायचं, तोंडाला पाणी कधी सुटायचं, हे सगळं आपण न सांगता या नसाच सांगत असतात.

नस ज्या पेशींची बनलेली असते तशा पेशी एकट्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद होता, की या पेशी एकमेकींना चिकटलेल्या आहेत की सुट्या? इटलीचे गॉल्जी म्हणायचे, सगळं मिळून एकच जाळं आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखं. स्पेनचे काहाल म्हणायचे, नाही, प्रत्येक पेशी आपल्या जागी वेगळी आहे. गंमत अशी की काहाल यांनी पेशी रंगवून पाहण्याची रीत गॉल्जींचीच वापरली आणि त्यांच्याच विरुद्ध निकाल काढला. १९०६ साली दोघांना एकत्र नोबेल पारितोषिक मिळालं. पारितोषिक घ्यायला दोघं एका ठिकाणी आले, तरी गॉल्जींनी भाषणात काहाल यांचं म्हणणं खोडूनच काढलं. भावकीतले वाद आपल्याकडेच असतात असं नाही.

काहाल खरे ठरले. दोन पेशींमध्ये फट असते. केसाच्या जाडीचे चार हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. इतकी बारीक फट, की ती डोळ्यांनी पाहता येईल असं यंत्र मिळायला १९५० नंतरची वर्षं उजाडावी लागली.

आता पुढचा प्रश्न बघा. पेशीच्या अंगातून निरोप विजेसारखा धावतो, हे तोवर कळलं होतं. पण फटीपाशी येऊन तो पलीकडे जातो कसा? वीज उडी मारते का? बरेच जण म्हणायचे, ठिणगीच उडत असणार. थोडे जण म्हणायचे, नाही, काहीतरी रस पाझरत असणार. हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ऑटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. त्यांची हकीकत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. एका रात्री त्यांना झोपेत या कोड्याचा उलगडा झाला. उठून त्यांनी अंधारात कागदावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी पाहतात तर स्वतःचंच अक्षर लागेना. दिवसभर डोकं धरून बसले, आठवेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तेच पुन्हा सुचलं. या वेळी मात्र कागदाच्या नादी न लागता ते तडक प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग ऐकायला अगदी सोपा आहे. बेडकाचं काळीज बाहेर काढून मिठाच्या योग्य पाण्यात ठेवलं तर ते बराच वेळ आपलं आपण धडधडत राहतं. लोवींनी अशी दोन काळजं घेतली. पहिल्याला त्याची नस जोडलेली ठेवली, दुसऱ्याची नस काढून टाकली. पहिल्याची नस विजेने चेतवली. ही नस काळजाला दमानं घ्यायला सांगणारी; त्याप्रमाणे पहिलं काळीज सावकाश चालू लागलं. मग त्यांनी त्या काळजातलं पाणी घेऊन दुसऱ्या काळजात घातलं. त्याला नस नव्हती, वीज लावलेली नव्हती. तरी तेही सावकाश चालू लागलं! काळजाला घाई करायला सांगणारी नस चेतवली, तेव्हा त्या पाण्याने दुसरं काळीजही भरभर चालू लागलं. म्हणजे नसेतून काहीतरी पाण्यात उतरलं होतं, आणि निरोप त्या पाण्यातच होता. हे १९२१ साली छापून आलं.

तो रस कोणता, याचा माग इंग्लंडमधले हेन्री डेल आधीपासून काढत होते, आणि त्यांची वाट आपल्या विषयातून, बाळंतपणातून गेली होती. बाजरीवर अरगट पडतो तो तुम्हाला माहीत आहे. त्याच जातीची बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते. तिकडच्या सुईणी ती कळा वाढवायला आणि बाळंतपणानंतरचं रक्त थांबवायला वापरत. डेल या बुरशीचा अभ्यास करत होते. तिच्या अर्कात त्यांना अॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य सापडलं, आणि त्याचे गुण काळीज दमवणाऱ्या नसेसारखेच आहेत असं त्यांनी १९१४ साली लिहिलं. लोवींच्या पाण्यातला रस पुढे तोच निघाला. घाई करणारा रस अॅड्रेनालीनच्या घराण्यातला होता. १९३६ साली लोवी आणि डेल दोघांना नोबेल मिळालं.

दोनच वर्षांनी नाझी ऑस्ट्रियात शिरले. लोवी ज्यू होते. त्यांना रात्री घरातून उचलून तुरुंगात टाकलं. देश सोडू देण्याच्या बदल्यात नोबेलचे पैसे नाझींच्या बँकेत भरायला लावले. म्हातारपणी हा माणूस रिकाम्या हाताने परदेशी गेला.

आता आपण हे आपल्या गल्लीत आणून बघू. दोन घरं समोरासमोर आहेत, मधे बोळ आहे. निरोप पहिल्या घराच्या आतून धावत दाराशी येतो. दार क्षणभर उघडतं आणि आतून रसाच्या पुड्या बोळात रिकाम्या होतात. ते थेंब समोरच्या दाराची कडी वाजवतात. कडी वाजली की समोरचं घर कामाला लागतं. पण काम इथे संपत नाही. बोळ लगेच साफ व्हावा लागतो, नाहीतर कडी वाजतच राहील. अॅसिटिलकोलीनसाठी तिथे झाडू घेऊन एक द्रव्य उभंच असतं. त्याचा एक कण सेकंदाला हजारो थेंब झाडून टाकतो. अॅड्रेनालीनच्या घराण्यातला रस मात्र बहुतेक करून पहिलं घरच परत ओढून घेतं. शरीरात काही ठिकाणी पेशी थेट एकमेकींना जोडलेल्याही असतात, पण बहुतेक कारभार या बोळातूनच चालतो. दार, कडी आणि झाडू हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

तर विंचू. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. भोकरदन तालुका, म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्याला लागूनच. गरीब शेतकऱ्याघरचा मुलगा, काम करत करत शिकला, नागपूरला डॉक्टर झाला आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचू फार. भातकापणीच्या, पेंढ्याच्या दिवसांत विंचू चावलेली माणसं, पोरं खाटेवर येत. आणि त्यातली बरीचशी मरत. लाल विंचवाचं विष अंगात भिनलेल्या दर शंभर माणसांत पंचवीस-तीस दगावत, असा तो काळ होता.

त्या वेळी उपाय काय होते? कळ मारायचं इंजेक्शन, अॅलर्जीचं इंजेक्शन, स्टेरॉइड, आणि अॅट्रोपीन. पुस्तकात होतं तेवढं सगळं दिलं जाई. रोगी तरी जात असे.

बावस्करांनी जे केलं ते आम्हाला सगळ्यांत मोठं वाटतं, आणि ते काम तसं अगदी साधं होतं. ते खाटेजवळ बसून राहिले. चावल्यावर किती वेळाने काय झालं, नाडी किती, रक्तदाब किती, हात-पाय गरम की गार, हे तासातासाला लिहीत गेले. एक्स-रे नाही, मोठी यंत्रं नाहीत. रोगी, घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र आणि वही. त्या वहीतून एक क्रम दिसू लागला. आधी दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ. मुलग्यांच्या आणि पुरुषांच्या लिंगाला आपोआप ताठरपणा येतो. हे आम्ही रेडिओवरून मुद्दाम उघड सांगतोय, कारण लाजेपायी डॉक्टरला ते कुणी सांगत नाही आणि खरी धोक्याची खूण तीच असते. त्यानंतर हात-पाय गार पडतात, रक्तदाब भलताच चढतो. आणि मग काही तासांत फुप्फुसात पाणी भरतं, तोंडातून गुलाबी फेस येतो. ज्याला नुसती कळ आहे, घाम-उलटी काही नाही, त्याला धोका बहुधा कमी, हेही त्यांच्या लक्षात आलं. या खुणांबद्दलचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या लॅन्सेटमध्ये छापला गेला. लॅन्सेट म्हणजे १८२३ पासून निघणारं, जगभरच्या डॉक्टरांचं साप्ताहिक. त्यात खेड्यातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरची वही पोचली.

आता आपला बोळ आठवा. लाल विंचवाचं विष पहिल्या घराचं दार धरून ठेवतं, बंदच होऊ देत नाही. एक निरोप द्यायचा तिथे शंभर सुटतात. बोळात रसाचा पूर येतो. आधी अॅसिटिलकोलीन, म्हणून घाम, लाळ, उलटी. मागोमाग अॅड्रेनालीन आणि त्याची भावंडं. ही मंडळी रक्तवाहिन्या आवळतात. हातापायाच्या वाहिन्या आवळल्या की रक्त तिकडे जात नाही, म्हणून अंगठ्याला चावलेल्या बाईचे हात गार पडतात. सगळीकडून आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता काळीज थकतं आणि पाणी फुप्फुसात साचतं. विष चढलं म्हणतात ते हे. चावा एका जागी असतो, पण विष रक्तातून अंगभर पसरतं आणि जिथे जिथे नस संपते तिथली दारं उघडी पडतात.

हे समजल्यावर बावस्करांपुढे प्रश्न उरला तो असा, की दार बंद करता येत नसेल तर काय करायचं? आधी त्यांनी आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध सलाईनमधून वापरलं. त्याने रोगी वाचत, पण ते थेंबाथेंबाने द्यायचं, रोग्याजवळून उठायचं नाही. खेड्यात ते कुणाला जमावं? मग त्यांचं लक्ष प्राझोसीन या गोळीकडे गेलं. ती होती रक्तदाबाची साधी गोळी. ती काय करते? रक्तवाहिन्यांवर अॅड्रेनालीनची जी कडी आहे तिच्यावर चिंधी गुंडाळते. बाहेर कितीही थेंब आपटोत, कडी वाजत नाही. वाहिन्या सैल होतात, काळजावरचा भार उतरतो. दरम्यान विष आपोआप कमी होत जातं.

१९८६ साली हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांच्या नावाने प्राझोसीनचा लेख लॅन्सेटमध्ये आला. प्रमोदिनीताईंचं नाव आम्ही मुद्दाम घेतोय. पेपरातल्या बातम्यांत ते बऱ्याचदा राहून जातं. या गोळीनंतर जिथे ती वेळेवर मिळाली तिथे मरणाचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही आलं. २०११ साली त्यांचाच एक अभ्यास छापला गेला. त्यात ३५ रोग्यांना नुसतं प्राझोसीन दिलं, ३५ जणांना प्राझोसीन आणि प्रतिविष दोन्ही. दोन्ही दिलेल्यांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या गोळीवाल्यांपैकी तेवढ्या वेळात ८. उरलेल्यांना वेळ जास्त लागला. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आणि जुन्या उपायातलं ते अॅट्रोपीन? ते अॅसिटिलकोलीनची कडी बांधतं. पण अॅसिटिलकोलीन हे काळजाला दमानं घ्यायला सांगणारं. ते गप्प केलं की मोकाट सुटलेल्या अॅड्रेनालीनला अडवायला कुणी उरत नाही. म्हणजे विंचवाच्या रोग्याला पुस्तकाप्रमाणे दिलेलं औषधच त्याचा भार वाढवत होतं. हे अॅट्रोपीन ध्यानात ठेवा. दुसऱ्या एका विषात तेच जीव वाचवतं, आणि ते विष आपल्या घरात, धान्याच्या पोत्याशेजारी ठेवलेलं असतं.

पुन्हा १९३६ सालाकडे या. डिसेंबरच्या १० तारखेला लोवी आणि डेल यांना नोबेल मिळालं. त्याच महिन्यात २३ तारखेला जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर नावाच्या रसायनतज्ज्ञाने पिकावरच्या किडी मारायला एक नवं रसायन बनवलं. थोड्याच दिवसांत त्याचा अंश हवेतून लागून त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला अंधुक दिसू लागलं, बुबुळांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, श्वास कोंडला. हे रसायन सैन्याने ताब्यात घेतलं आणि त्याचा विषारी वायू केला. त्याच घराण्यातली कमी जहाल रसायनं युद्धानंतर शेतात आली. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस ही नावं तुमच्या घरच्या डब्यांवर वाचली असतील.

ही विषं काय करतात? बोळातल्या झाडूवाल्याचे हात बांधतात. दार ठीक आहे, कडी ठीक आहे, पण बोळ साफ होत नाही. अॅसिटिलकोलीन साचत जातं आणि कडी वाजतच राहते. म्हणून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, अंगावरचं मांस फडफडणं, आणि शेवटी छातीत कफ भरून श्वास बंद. किडीला असंच मारतात. किडीच्या नसा आणि आपल्या नसा एकाच भाषेत बोलतात, हेच त्यातलं दुखणं आहे. झाडू थांबला तर रस साचतो, हे लोवींनी आपल्या बेडकांवर १९२६ सालीच दाखवलं होतं.

अॅट्रोपीन इथे कामाला येतं. साचलेला रस ते झाडत नाही, पण कडी बांधतं. दवाखान्यात डॉक्टर ते पुन्हा पुन्हा देतात, छाती कोरडी होईपर्यंत. आणि ते कशातून मिळतं माहीत आहे? धोत्र्यात ते असतं. महादेवाला वाहतो तोच धोत्रा. हे सांगितलं की बैठकीत लगेच कुणीतरी विचारतं, मग धोत्र्याचं बी वाटून पाजलं तर? नाही. एका बोंडात किती विष आहे हे पाहून कळत नाही, आणि धोत्रा खाऊन माणसं वेडीपिशी होतात, मरतातही. दवाखान्यातलं अॅट्रोपीन मोजून दिलेलं असतं, सगळा फरक त्या मोजण्यात आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या विदर्भातच यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यात शिरून फवारणी, हवा कोंदट. शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात गेले, वीसहून अधिक दगावले. मोनोक्रोटोफॉसचं नाव तेव्हा रोज पेपरात होतं. सरकारने चौकशी पथक नेमलं. एक विष नव्हतं, मिसळून मारलेली बरीच होती, आणि त्यातली सगळी काही या झाडू बांधणाऱ्या घराण्यातली नव्हती. म्हणूनच रोग्यासोबत डबा नेणं फार महत्त्वाचं. डबा नसेल तर नुसतं लेबल. डॉक्टरला विषाचं घराणं कळलं तर पुढचा उपाय ठरतो.

चर्चा झाली ती फवारणाऱ्या पुरुषांची. बायांचं काय? पंपात पाणी भरून देणारी बाई, फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणारी बाई, आणि संध्याकाळी त्याचे घामाने-औषधाने भिजलेले कपडे धुणारी बाई. हे विष कातडीतूनही अंगात शिरतं. ते कपडे लेकरांच्या कपड्यांत भिजवू नका. वेगळी बादली, हातात रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी, आणि साबण दोनदा. फवारणारा माणूस घरात आला की आधी अंघोळ, मग भाकर. आणि मैत्रिणींनो, आपण त्याला औषध म्हणतो, तेवढं एक तोंडातून काढायला हवं. लेकरू औषध म्हणून डबा हातात घेतं. आमच्या रेडिओवर आम्ही विष असाच शब्द वापरायचं ठरवलं आहे.

मण्यारीबद्दल थोडक्यात सांगतो. ती उलटं करते. तिचं विष पहिल्या घरातल्या रसाच्या पुड्याच संपवतं आणि दाराची मोडतोड करतं. निरोप निघतच नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज नाही, फारशी कळ नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, मग श्वासाचे स्नायू थांबतात. मोडलेली दारं पुन्हा उभी राहायला दिवस जातात. तोवर श्वासाचं यंत्र लावून माणूस जगवावा लागतो. पोट दुखतंय म्हणून ओवा देऊन थांबलात तर उशीर होतो. पापणी पडतेय का ते बघा.

आता गेल्या महिन्यातल्या पत्रांतले दोन प्रश्न. एका गटाने विचारलं आहे, विंचू उतरवणाऱ्याकडे नेलं तर बिघडतं काय, आमच्याकडे तर माणसं बरी होतात. होतात खरी. कारण विंचू बहुतेक वेळा फार विष सोडत नाही, आणि दिसायला भयंकर अशी मोठी काळी इंगळी लाल विंचवाइतकी विषारी नसते. ती माणसं मंत्राशिवायही बरी झाली असती. पण लाल विंचू दोन-तीन इंचांचा, तांबूस, दिसायला काहीच नाही. त्याच्या रोग्याचे पहिले दोन-चार तास देवळाच्या ओट्यावर गेले तर ते परत मिळत नाहीत. भगताला राग येईल म्हणून आम्ही हे बोलायचं टाळणार नाही. मान त्याचा ठेवा, पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवा. १०८ ला फोन करा.

दुसरा प्रश्न, प्राझोसीनची गोळी आणून घरात ठेवावी का? तर नको. ती रक्तदाब खाली आणते. खुणा नसताना घेतली किंवा घेऊन लगेच उभं राहिलं तर माणूस चक्कर येऊन पडतो. त्याऐवजी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन आशाताईंना, डॉक्टरांना विचारून ठेवा, की ही गोळी तुमच्याकडे आहे का, सोंगणीच्या आधी येणार का. गटाने मिळून विचारलं तर उत्तर लवकर मिळतं. दवाखान्यात रोग्याला आडवं ठेवूनच ती देतात. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, लेकराला त्याच्या निम्मी, आणि दर तीन तासांनी पुन्हा. किती वेळा द्यायची, ते डॉक्टर हात लावून ठरवतात. हाताची-पायाची बोटं कोमट होईपर्यंत.